एक हिट, एक धाव, दोन पिचर : डॉजर्स विरुद्ध कब्स, ९ सप्टेंबर १९६५

पासाडेनाकर

कमी धावांचा सामना म्हणजे रटाळ सामना, हे मत इथल्या खेळाच्या धाग्यांवर नेहमी वाचायला मिळतं. बेसबॉलबद्दल तर हमखास. म्हणून आज एका सामन्याबद्दल सविस्तर लिहिते. त्यात दोन्ही संघांचं मिळून हिट एकच होतं, धावही एकच झाली, आणि त्या हिटचा त्या धावेशी काडीचाही संबंध नव्हता. लॉस अँजेलिस डॉजर्स १, शिकागो कब्स ०.

अमेरिकेत हा सामना ‘सँडी कोफॅक्सचा परफेक्ट गेम’ म्हणून ओळखतात. कोफॅक्सचा तो मान आहेच. पण मला तो कोफॅक्स आणि बॉब हेंडली अशा दोघांचा सामना वाटतो, आणि हेंडलीचं नाव बेसबॉल पाहणाऱ्या माणसांनाही आठवत नाही. धागा काढायचं कारण हेच.

ज्यांना बेसबॉल नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक संघाला नऊ डाव, डावात तीन बाद, म्हणजे पूर्ण सामन्यात एका संघाचे २७ बाद. चेंडू मारून सुखरूप बेस गाठला की हिट. तिन्ही बेस ओलांडून घरी, म्हणजे बॅटरच्या जागी, परत आलं की धाव. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार ‘बॉल’ (ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेलेले चेंडू) टाकले की बॅटरला न मारताच पहिला बेस मिळतो, तो वॉक. सामनाभर एकही हिट दिलं नाही तर नो-हिटर. आणि हिट नाही, वॉक नाही, क्षेत्ररक्षकाची चूक नाही, कुणाच्या अंगावर चेंडू नाही, २७ आले नि २७ परत गेले, तर परफेक्ट गेम. त्या रात्रीपर्यंत मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलच्या, सगळ्या इतिहासात असे फक्त सात झाले होते.

कोफॅक्स ब्रुकलिनचा. डावखुरा. १९५५ साली घरच्याच ब्रुकलिन डॉजर्सकडून (हाच संघ पुढे लॉस अँजेलिसला गेला) खेळायला लागला, तेव्हा १९ वर्षांचा होता. त्या काळी मोठी रक्कम देऊन घेतलेल्या नवख्या पोराला सुरुवातीची वर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, पाठवता येत नसे, त्यामुळे त्याचं शिकणं, चुकणं, सगळं भरल्या मैदानात झालं. पहिल्या सहा मोसमांत ३६ विजय आणि ४० पराभव. वेग अफाट, पण चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नाही. १९६१च्या सराव शिबिरात नॉर्म शेरी या कॅचरने, म्हणजे बॅटरच्या मागे चेंडू झेलणाऱ्याने, त्याला सांगितलं की जीव तोडून टाकू नकोस, जरा हात सैल सोड. तिथून पुढची सहा वर्षं बॅटर लोकांनी जे भोगलं त्याला तोड नाही. १९६२, ६३ आणि ६४ मध्ये एकेक नो-हिटर. चेंडूचे प्रकार मुख्यतः दोनच, सरळ वेगवान आणि वरून खाली कोसळणारा कर्व्ह. १९६५ उजाडेपर्यंत त्याच्या डाव्या कोपरात संधिवात शिरला होता.

हेंडलीही डावखुरा, आणि कोपर त्याचंही दुखरं. जॉर्जियातल्या मेकनचा. त्या वर्षी आधी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे होता, मग कब्सकडे आला, मधला काही काळ मायनर लीगमध्ये काढला. कब्स त्या मोसमात ७२ जिंकले आणि ९० हरले. डॉजर्सची जायंट्सशी जीवघेणी शर्यत चाललेली. कागदावर ही लढत अजिबात बरोबरीची नव्हती.

गुरुवारची रात्र, डॉजर स्टेडियममध्ये २९,१३९ प्रेक्षक. कब्सच्या संघात डॉन यंग आणि बायरन ब्राउन या दोघांचं त्या रात्री मेजर लीगमधलं पदार्पण. पहिल्यावहिल्या सामन्यात समोर कोफॅक्स! ब्राउनने दुसऱ्या डावात एक सणसणीत सरळ फटका मारला, पण तो थेट सेंटर फील्डला विली डेव्हिसच्या हातात गेला.

पहिले चार डाव दोन्हीकडून एकही माणूस बेसवर पोचला नाही. एकही नाही. लोक कोफॅक्सकडे पाहत होते, पण हेंडलीचंही खातं तितकंच कोरं होतं.

पाचव्या डावात डॉजर्सच्या लू जॉन्सनला हेंडलीने वॉक दिला. सामन्यात बेसवर पोचलेला हा पहिला माणूस. पुढच्या रॉन फेअरलीने बंट टाकला, म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू पुढ्यातच मरू दिला. स्वतः बाद झाला, पण जॉन्सन दुसऱ्या बेसवर सरकला. मग हेंडलीने चेंडू सोडताच जॉन्सनने तिसऱ्या बेसकडे धाव घेतली, म्हणजे बेस ‘चोरायला’ निघाला. कॅचर ख्रिस क्रगने उठून तिकडे फेक केली. ती तिसऱ्या बेसवरच्या रॉन सँटोच्या डोक्यावरून लेफ्ट फील्डमध्ये गेली, आणि जॉन्सन उठून घरी आला. झाली धाव. चेंडूला बॅट लागली ती फक्त त्या बंटला, आणि तो मारणारा बाद झालेला!

१९६५चे डॉजर्स असेच जिंकत. संघाची बॅटिंगची सरासरी .२४५ (हजारात २४५ हिट), वर्षभरात होमरन, म्हणजे कुंपणापलीकडचे फटके, जेमतेम ७८. पण मॉरी विल्सने एकट्याने ९४ बेस चोरले. एक वॉक, एक बंट, एक चोरी, आणि समोरच्याच्या हातून काहीतरी निसटेल एवढा दबाव. एवढ्या भांडवलावर त्यांनी ९७ सामने जिंकले, कारण मागे कोफॅक्स आणि डॉन ड्राइसडेल हे पिचर होते.

तरी हेंडलीचा नो-हिटर शाबूत होता! सातव्या डावात दोन बाद असताना पुन्हा तोच जॉन्सन आला. त्याच्या बॅटच्या कडेला लागून चेंडू पहिल्या बेसच्या मागे, राइट फील्डच्या मोकळ्या पट्ट्यात जेमतेम टेकला. अर्नी बँक्स मागे धावत गेला, पण पोचला नाही. जॉन्सन दुसऱ्या बेसवर. रात्रीतलं एकमेव हिट हेच. पुढचा फेअरली बाद झाला आणि जॉन्सन तिथेच राहिला.

कोफॅक्सचा खरा कस सातव्यात लागला. बिली विल्यम्ससारखा कसलेला बॅटर समोर आणि पहिले तिन्ही चेंडू बॉल. चौथा पडला असता तर परफेक्ट गेम तिथेच संपला असता. तिथून कोफॅक्सने त्याला परत ओढून आणला आणि झेलबाद केलं. मग आठव्यात सँटो, बँक्स आणि ब्राउन तिघेही स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक पडून बाद. या सँटो-बँक्स-विल्यम्समधले तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले, हे लक्षात घ्या. नवव्यात क्रग, जोई अमाल्फिटानो आणि हार्वी कुन, तिघेही स्ट्राइकआउट. शेवटचे सहाच्या सहा, एकूण १४. हाच कुन १९६३च्या कोफॅक्सच्या नो-हिटरमध्येही शेवटचा बाद होता, आणि तो काही ऐरागैरा नव्हे, १९५९चा अमेरिकन लीगचा सरासरी-विजेता होता. सगळा खेळ १ तास ४३ मिनिटांत आटोपला.

दोन्ही संघांचं मिळून एकच हिट आणि बेसवर पोचलेला माणूस एकच, तोही दोनदाच. नऊ डावांच्या सामन्यातला हा नीचांक आजही मेजर लीगच्या नोंदवहीत आहे. त्यातला अर्धा हेंडलीचा आहे. आठ डाव (घरचे डॉजर्स पुढे असल्याने त्यांना नववा खेळावाच लागला नाही), एक हिट, एक वॉक, आणि त्याच्या नावावर लागणारी एकही ‘अर्न्ड’ धाव नाही. असा खेळ करून माणूस हरला. एरवी कुठल्याही रात्री हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय ठरला असता. कोफॅक्सला परफेक्ट राहावं लागलं ते हेंडलीमुळे. डॉजर्सनी तिसऱ्या डावात पाच धावा केल्या असत्या तर त्या रात्रीचा ताणच उरला नसता.

तुम्हाला आठवणारे असे कमी धावांचे सामने लिहा. बेसबॉलचेच पाहिजेत असं नाही.

---

कट्टेकरी

सुंदर लिहिलंय. बेसबॉल मी कधी धड पाहिला नाही, तरी पाचवा डाव डोळ्यांपुढे उभा राहिला.

तुम्ही ‘बेसबॉलचेच नकोत’ म्हणालात म्हणून बापू नाडकर्णी. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. सलग २१ षटकं निर्धाव. आमच्या नाशिकचा माणूस म्हणून घरी हे आकडे पाढ्यांसारखे पाठ करून घेतले होते. सामना अनिर्णित राहिला. बापूंच्या नावावर त्या डावात बळी नाही, तरी साठ वर्षांनी लोक ते पृथक्करण अचूक सांगतात. हेंडलीचं तसं का झालं नाही?

आणि एक शंका. दुसऱ्या बेसवरून तिसरा चोरणं धोक्याचं नाही का? कॅचरच्या इतकं जवळ?

---

पासाडेनाकर

@कट्टेकरी, धोक्याचं आहेच. कॅचरपासून दुसरा बेस सव्वाशे फुटांहून लांब, तिसरा फक्त ९० फुटांवर. पण दुसऱ्या बेसवरच्या धावपटूला पिचरच्या पाठीमागून पुढे सरकून उभं राहता येतं, त्यामुळे सुरुवात चांगली मिळते. शिवाय फक्त एक बाद होता. तिसऱ्यावर पोचला की साध्या उंच झेलावरही धाव निघते. कोफॅक्स ज्या तऱ्हेने टाकत होता ते पाहता एक धाव पुरेल हे जॉन्सनला कळत होतं. माझ्या मते त्या रात्री डॉजर्सच्या बॅटिंगमधला सर्वांत धाडसी निर्णय हाच.

बापूंच्या आठवणीबद्दल मनापासून आभार. हेंडलीचं तसं का झालं नाही याचं उत्तर मला एवढंच दिसतं की समोर त्याच वेळी परफेक्ट गेम चालला होता. बापूंच्या समोरच्या टोकाला तसं काही नव्हतं.

---

मिशिगनतळ्याकाठी

शिकागोत राहून कब्सवर जीव लावलेल्या माणसाकडून दोन शब्द.

क्रगबद्दल वाईट वाटतं. फेक चुकली हे खरं. पण त्याच क्रगने आठ डाव हेंडलीला सांभाळून घेतलं, त्याबद्दल कुणी लिहीत नाही. एक हिटच्या सामन्यात कॅचरचाही वाटा असतो. कोणता चेंडू मागायचा, ग्लोव्ह कुठे धरायचा, हे तोच ठरवतो. कोफॅक्सला झेलणाऱ्या जेफ टॉरबोर्गचं नाव निघतं, मग क्रगचंही निघायला हवं.

आणि कब्सच्या नशिबी असे पराभव आधीही आले आहेत. २ मे १९१७, शिकागो, सिनसिनाटी रेड्सविरुद्ध. कब्सचा हिपो वॉन आणि रेड्सचा फ्रेड टोनी, दोघांनीही पूर्ण नऊ डाव एकही हिट दिलं नाही. नऊ डावांनंतर दोन्ही फलकांवर हिट शून्य! दहाव्या डावात लॅरी कॉफने वॉनला पहिलं हिट मारलं, मग एक झेल सुटला, आणि जिम थॉर्पने हळू मारलेल्या चेंडूवर धाव आली. हाच तो १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकलेला थॉर्प. टोनीने दहावा डावही हिटविना संपवला. रेड्स १, कब्स ०. पासाडेनाकर, तुमच्या हेंडलीचा थोरला भाऊ म्हणजे हा वॉन.

---

रानपाखरू

वाचताना श्वास रोखला गेला. विल्यम्सला तीन बॉल पडल्यावर पुढे काय हे कळेपर्यंत चहा निवला. अजून लिहा.

---

आकडेमोड

धागा आवडला, पण हेंडलीला कोफॅक्सच्या बरोबरीने बसवणं मला पटत नाही. कारणं देतो.

एक, कोफॅक्सचे स्ट्राइकआउट १४, हेंडलीचे ३. म्हणजे हेंडलीने मिळवलेले बहुतेक बाद मागच्या क्षेत्ररक्षकांच्या हातून आले. चेंडू बॅटला लागत होता, फक्त माणसाच्या हातात जात होता. त्यात कौशल्य असतं, पण दैवही असतं.

दुसरं म्हणजे काळ. १९६३ साली स्ट्राइक झोन, म्हणजे चेंडू जिथून गेला तर स्ट्राइक धरतात तो पट्टा, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मोठा केला गेला. पिचर उभा राहतो तो उंचवटा तेव्हा १५ इंचांचा होता, आणि डॉजर स्टेडियममधला त्याहून उंच आहे अशी पाहुण्या संघांची कुरकुर कायम असे. १९६८ साली तर पिचर बॉब गिब्सनने नऊ डावांमागे १.१२ धावा अशी सरासरी नोंदवली आणि अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्त्रेम्स्की .३०१ वर सरासरी-विजेता ठरला. मग १९६९ पासून उंचवटा १० इंचांवर आणला आणि झोन आवळला. १९६५चा १-० आणि आजचा १-० यांचं वजन सारखं नाही.

कोफॅक्सचं मोठेपण यातूनही उरतंच. त्या वर्षी ३८२ स्ट्राइकआउट आणि २.०४ ही सरासरी. त्याच उंचवट्यावरून टाकणारे बाकीचे पिचर स्ट्राइकआउटमध्ये त्याच्या आसपास नव्हते. हेंडलीबद्दल तसं म्हणता येत नाही.

---

पासाडेनाकर

@आकडेमोड, उंचवट्याचा आणि झोनचा मुद्दा पूर्ण मान्य. पिचर म्हणून दोघं एका पातळीवरचे होते असं माझं म्हणणंच नाही. कोफॅक्स वयाच्या ३६व्या वर्षी हॉल ऑफ फेममध्ये गेला, इतक्या कमी वयात निवडून गेलेला दुसरा कोणी नाही. हेंडलीची कारकीर्द साधी होती, १९६७ मध्ये संपली.

माझं म्हणणं त्या एका रात्रीपुरतं आहे. बॅटला लागलेला चेंडू हातात जाणं हे फक्त दैव म्हणून मी सोडणार नाही. विल्स, गिलियम, डेव्हिस हे सगळे पळणारे लोक. यांच्यापुढे चेंडू जमिनीवर हळू लागला तरी ते पहिला बेस गाठतात. त्यांना जवळजवळ सात डाव हिट न देणं म्हणजे त्यांच्या बॅटच्या मध्यभागी चेंडू न येऊ देणं. हेंडलीकडे कोफॅक्सचा वेग नव्हता, दुखऱ्या कोपराने तो येणारही नव्हता. मग त्याने जागा बदलत, वेग बदलत, कडेकडेने टाकत ते आठ डाव काढले. मला त्यात जास्त कष्ट दिसतात.

@मिशिगनतळ्याकाठी, क्रगबद्दल तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. १९१७चा सामना मी आणणारच होते, तुम्ही माझ्यापेक्षा चांगला आणलात.

---

अनघा_वैद्य

मी हाडांची डॉक्टर आहे, त्यामुळे माझं लक्ष सगळं कोफॅक्सच्या कोपराकडे.

त्या मोसमात तो ३३५ डावांहून जास्त टाकून गेला. आज बहुतेक पिचर दोनशेपर्यंतही पोचत नाहीत. सामन्याआधी कॅप्सोलिन नावाचं मलम, त्यात मिरचीचा अर्क असे, इतकं जहाल की बाकीच्यांच्या डोळ्यांना झोंबे. सामन्यानंतर कोपर बर्फाच्या पाण्यात. मध्ये कॉर्टिझोनची इंजेक्शनं, कोडीन, आणि फेनिलब्युटाझोन, जे पुढे अमेरिकेत माणसांसाठी बंद झालं. झिजलेल्या सांध्यावर तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. टॉमी जॉन या पिचरच्या कोपरावर ती प्रसिद्ध शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी केली १९७४ मध्ये, आणि ती अस्थिबंधाची. सांध्याच्या संधिवातावर तिचा उपयोग झाला असता असंही नाही.

१९६६च्या नोव्हेंबरमध्ये तो निवृत्त झाला. वय ३०. त्या शेवटच्या मोसमात २७ विजय, ९ पराभव, सरासरी १.७३. खेळ शिखरावर असताना केवळ पुढे हात वापरता यावा म्हणून थांबला. डॉक्टर म्हणून मला तो निर्णय परफेक्ट गेमइतकाच मोठा वाटतो.

म्हणून १३ एप्रिल २०२२ला डॉजर्सनी क्लेटन कर्शॉला मिनियापोलिसमध्ये सात परफेक्ट डावांनंतर बाहेर काढलं, तेव्हा मी त्यांच्या बाजूने होते. ८० चेंडू झाले होते, कडाक्याची थंडी, मोसमाची सुरुवात, आणि आधीच्या वर्षी कोपरा-दंडाचं दुखणं झालेलं.

---

कट्टेकरी

सात डाव परफेक्ट असताना बाहेर काढलं? आणि त्याने ऐकलं?

---

अनघा_वैद्य

ऐकलं. त्याने स्वतःच निर्णय योग्य असल्याचं सांगितलं.

---

आकडेमोड

अनघाताई, इथे मी तुमच्या विरुद्ध. वैद्यकीय बाजू समजते. पण तो सामना ७-० ने जिंकला होता, दडपण नव्हतं, ८० चेंडू म्हणजे फार नाहीत. सहा बाद उरले होते. कर्शॉच्या नावावर परफेक्ट गेम पुढेही लागला नाही. कोफॅक्सने त्या रात्री ११३ चेंडू टाकले, आणि सामना १-० होता. त्याला बाहेर काढायचा विचारही कुणी केला नसता. दोन्ही टोकं चुकीची असतील, पण मधली वाट सहा बादांच्या पलीकडे होती.

---

तंबोरा

हार्वी हॅडिक्सचं नाव अजून कसं आलं नाही? २६ मे १९५९, पिट्सबर्ग पायरेट्सचा हॅडिक्स, मिलवॉकी ब्रेव्ह्जविरुद्ध. नऊ डाव परफेक्ट. पण त्याच्या संघाची धाव होईना, म्हणून खेळ पुढे चालू. दहा, अकरा, बारा डाव परफेक्ट! ३६ आले, ३६ बाद. तेराव्यात डॉन होकच्या चुकीने एक जण पोचला, एडी मॅथ्यूजने बंट टाकून त्याला पुढे सरकवलं, हँक अॅरनला मुद्दाम वॉक दिला, आणि जो अॅडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे टाकला. त्यातही अॅरन मध्येच बेस सोडून मैदानाबाहेर गेला, म्हणून होमरनचं डबल, म्हणजे दोन बेसचं हिट, झालं आणि निकाल १-० असा लिहिला गेला. समोरच्या ल्यू बर्डेटने तेरा डावांत १२ हिट दिली आणि एकही धाव दिली नाही.

बारा हिट देणारा जिंकला, एक देणारा हरला. हेंडलीशेजारी मी हॅडिक्सलाच बसवेन. पुढे तर १९९१ साली मेजर लीगच्या समितीने नो-हिटरची व्याख्या बदलली आणि हॅडिक्सचं नाव त्या यादीतूनही काढलं. मला ते अजूनही पटलेलं नाही.

---

मिशिगनतळ्याकाठी

मलाही नाही. व्याख्या असावी, पण बारा डाव परफेक्ट टाकणाऱ्याचं नाव यादीत असायलाच हवं.

---

सांताक्रूझ_ते_सांता_मोनिका

रेडिओबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्या काळी डॉजर्स घरचे सामने सहसा टीव्हीवर दाखवत नसत. त्यामुळे हा सामना टिकला तो डॉजर्सचा समालोचक विन स्कलीच्या आवाजात. लोक मैदानात बसूनही ट्रान्झिस्टर कानाला लावत, कारण समोर काय चाललंय ते त्याच्याकडून ऐकायची सवय होती. नवव्या डावाचं ध्वनिमुद्रण करून ठेवायला त्याने सांगितलं, आणि बोलता बोलता तारीख आणि घड्याळातली वेळ सांगत राहिला, पुढे कोफॅक्सने ऐकलं तर ती रात्र नेमकी कळावी म्हणून. शेवटचा स्ट्राइकआउट झाला तेव्हा ९ वाजून ४६ मिनिटं. त्यानंतर बराच वेळ तो काहीच बोलत नाही, फक्त लोकांचा गजर ऐकू येतो. तो नववा डाव इंटरनेटवर सहज सापडतो. ज्यांना बेसबॉल अजिबात येत नाही त्यांनीही ऐकावा. मी तो पुन्हा पुन्हा ऐकतो, आणि कुनला दोन स्ट्राइक पडल्यावर दर वेळी माझी मूठ आवळली जाते.

---

रानपाखरू

लू जॉन्सनबद्दल सांगा ना कुणीतरी. त्या रात्री बेसवर उभा राहिलेला तो एकटाच माणूस, दोन्ही वेळा तोच.

---

पासाडेनाकर

@रानपाखरू, योग्य माणसाबद्दल विचारलंत.

जॉन्सन त्या वर्षी एप्रिलमध्ये डॉजर्सच्या मुख्य संघात नव्हताच. वयाची तिशी गाठलेली, अनेक वर्षं मायनर लीगमध्ये गेलेली. पहिली संधी १९६० मध्ये दिली होती ती कब्सनीच. मे १९६५ मध्ये डॉजर्सचा हुकमी बॅटर टॉमी डेव्हिस याचा घोटा मोडला आणि स्पोकेनच्या संघातून जॉन्सनला बोलावून घेतलं. मग तो राहिलाच. मोसमअखेर १२ होमरन, म्हणजे त्या संघातले सर्वाधिक, जिम लेफेव्हरच्या बरोबरीने.

पुढे १४ ऑक्टोबरला मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना. कोफॅक्स फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर उभा राहिला. कर्व्ह जमेना, म्हणून जवळपास नुसत्या वेगावर त्याने पूर्ण नऊ डाव काढले, १० स्ट्राइकआउट, तीन हिट. डॉजर्स २-० ने जिंकले. चौथ्या डावात होमरन मारून खातं उघडलं ते लू जॉन्सनने.

निवृत्तीनंतर तो व्यसनात पुरता बुडाला. त्या वर्ल्ड सिरीजची अंगठीही त्यात गेली. १९८० च्या सुमारास त्याने डॉजर्सकडेच मदत मागितली, उपचार घेतले, व्यसन सुटलं. त्यानंतर कितीतरी वर्षं तो डॉजर्सच्या समाजसंपर्क विभागात काम करत राहिला, शाळाशाळांतून मुलांशी बोलत राहिला. २००१ मध्ये ती अंगठी इंटरनेटवर लिलावाला आली, तेव्हा डॉजर्सच्या अध्यक्षांनी विकत घेऊन त्याला परत दिली. २०२० मध्ये तो गेला.

---

मिशिगनतळ्याकाठी

जॉन्सनची ही बाजू ठाऊक नव्हती. कब्सनी त्याला का सोडलं हा प्रश्न आता मला रात्रभर पुरेल.

पण पासाडेनाकर, तुम्ही हेंडलीवर धागा काढलात आणि पाच दिवसांनंतरचं लिहिलं नाहीत? १४ सप्टेंबर, रिग्ली फील्ड, शिकागो.

---

पासाडेनाकर

ते मुद्दाम शिकागोकरासाठी ठेवलं होतं.

---

मिशिगनतळ्याकाठी

मग लिहितोच. तेच दोन पिचर पुन्हा समोरासमोर. परफेक्ट गेम टाकून आलेला कोफॅक्स आणि एक हिट देऊन हरलेला हेंडली. या वेळी मैदान आमचं. दोघांनीही पुन्हा जवळजवळ काही दिलं नाही, पण कब्सनी कोफॅक्सवर दोन धावा काढल्या आणि हेंडलीने डॉजर्सना एकच दिली. कब्स २, डॉजर्स १. विजयी पिचर : बॉब हेंडली.